कोळसा कापणारा दात म्हणजे साधे जॉबवर्क नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भूमिगत कोळसा खाणींच्या यंत्रांचे सुटे भाग बेळगावात बनू शकतात, अशा आशयाचा लेख आपल्या उद्योगविषयक पानावर वाचला. मुद्दा योग्य आहे. २०३० पर्यंत भूमिगत खाणींतून वर्षाला १० कोटी टन कोळसा काढण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने ठेवले आहे आणि आज देशाच्या एकूण कोळशात या खाणींचा वाटा जेमतेम तीन-चार टक्के आहे. म्हणजे यंत्रे वाढणार, आणि यंत्रे वाढली की झिजणारे भागही लागणार. कर्नाटकात कोळसा नाही हे खरे, पण चंद्रपूर, वणी, नागपूरकडच्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आणि तेलंगणात गोदावरीकाठच्या सिंगरेणीच्या खाणी आपल्याला परक्या नाहीत. उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात ओतकाम आहे, हीट ट्रीटमेंट आहे, हायड्रॉलिकचे तर गावच आहे.

लेखाचा सूर मात्र असा होता की दात, साखळ्या, सिलिंडर ही आपली रोजचीच कामे, फक्त ऑर्डर मिळायचा अवकाश. साखर कारखान्याच्या कॅरिअरची साखळी तुटली तर गाळप थांबते, नुकसान पैशांचे होते. जमिनीखाली, जिथे हवेत मिथेन आहे, तिथे चुकीचा दात माणसे मारू शकतो. हा फरक समजून न घेता कोटेशन पाठवणाऱ्यांची संख्या आधीच कमी नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी यंत्रांबद्दल थोडक्यात. जुन्या कोल कटिंग मशिनला साखळीवर दात बसवलेली एक लांब जीभ असते. ती थराच्या तळाशी आडवी घुसवून दीडेक मीटर खोल आणि १२ ते १५ सेंटिमीटर उंचीची चीर पाडतात, मग वर भोके मारून सुरुंग लावतात. चिरेतला चुरा काढला नाही तर कोळशाला खाली सरकायला जागा राहत नाही आणि सुरुंग वाया जातो. आपल्याकडच्या बहुतेक भूमिगत खाणींत आता चीर न पाडताच सुरुंग उडवतात आणि एसडीएल (बाजूला ओतणारा) किंवा एलएचडी (उचलून वाहून नेणारा) या लोडरने कोळसा उचलतात. खऱ्या अर्थाने कापणारी यंत्रे दोन. पहिले कंटिन्युअस मायनर. पुढे तीन-साडेतीन मीटर रुंदीचा आडवा ड्रम, त्यावर दात. तो वरच्या बाजूने कोळशात घुसवायचा आणि खाली ओढत आणायचा. भारतात हे यंत्र पहिल्यांदा २००२ मध्ये छत्तीसगडच्या चिरिमिरी भागातील अंजन हिल खाणीत उतरले. दुसरे लाँगवॉलचे, म्हणजे एकाच लांब भिंतीतून सलग कोळसा कापण्याच्या पद्धतीचे, शिअरर. दीडशे-अडीचशे मीटर लांब फेसवर, म्हणजे कोळशाच्या उघड्या भिंतीवर, ते मागेपुढे धावते. पुढचा ड्रम वरचा कोळसा कापतो, मागचा खालचा, आणि यंत्र पुढे गेले की हायड्रॉलिक शिल्डची रांग एकामागून एक पुढे सरकून छत धरते. झारखंडच्या मुनीडीह खाणीत १९७८ मध्ये याची सुरुवात झाली. सिंगरेणीची अड्रियाला ही २०१४ मध्ये सुरू झालेली लाँगवॉल खाण आपल्या पट्ट्यातल्या पुरवठादारांना त्यातल्या त्यात जवळची.

यंत्र कोणतेही असो, कोळशाला प्रत्यक्ष भिडतो तो खाणवाले ज्याला पिक म्हणतात तो दात. वीतभर लांबीचा, गाजरासारखा निमुळता पोलादी तुकडा, टोकाला टंगस्टन कार्बाइडची गुंडी ब्रेझ केलेली (वितळवलेल्या धातूने जोडलेली), मागे गोल शँक, म्हणजे दांडा. शँक स्लीव्हमध्ये (नळीसारख्या बाहीत), स्लीव्ह ड्रमवर वेल्ड केलेल्या पिक बॉक्समध्ये. निसटू नये म्हणून मागे क्लिप. बघायला एवढेच आहे, आणि म्हणूनच तो सोपा वाटतो.

हा दात स्लीव्हमध्ये स्वतःभोवती फिरला पाहिजे. फिरला तर टोक चारी बाजूंनी सारखे झिजते आणि शेवटपर्यंत टोकदार राहते. न फिरला तर एका बाजूने सपाट होतो आणि कापायच्या ऐवजी घासायला लागतो. फिरण्यासाठी दोन गोष्टी लागतात. बॉक्स थोडा तिरका बसवलेला असावा, म्हणजे प्रत्येक फटक्याला दाताला वळण मिळते. आणि शँक व स्लीव्ह यांच्यातली फट नेमकी असावी. फट कमी ठेवली तर ओला कोळशाचा चुरा आत बसून घट्ट होतो व दात अडकतो. जास्त ठेवली तर दात डुगडुगतो, स्लीव्ह लंबगोल होते आणि शँक मानेपाशी तुटतो. आपल्याकडे सर्रास होणारी चूक म्हणजे खाणीतून आणलेला जुना नग समोर ठेवून ड्रॉइंग काढणे. झिजलेल्या शँकचे माप घेऊन नवा शँक बनवला तर तो पहिल्या दिवसापासून झिजलेलाच असतो. मूळ ड्रॉइंग नसेल तर न वापरलेला नग मागा, आणि त्याचबरोबर न वापरलेली स्लीव्हही. एकटा दात मोजून फट कळत नाही.

आता भट्टीचे काम. बॉडीसाठी क्रोम-मॉलिब्डेनमचे मिश्र पोलाद, म्हणजे आपल्या दुकानांत ईएन १९ म्हणून मिळते त्या जातीचे. कार्बाइड गरम झाल्यावर जितके पसरते त्याच्या जवळपास दुप्पट पोलाद पसरते. ब्रेझिंगनंतर थंड होताना पोलाद जास्त आकसते आणि गुंडीवर ताण येतो. बसवण्याच्या खोबणीत ब्रेझिंगच्या धातूला जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटर जागा ठेवली तर तो थर हा ताण सोसतो. जागा कमी पडली तर धातू सगळीकडे पोहोचत नाही, जास्त झाली तर जोड मऊ राहतो. घाईने पाण्यात बुडवले तर कार्बाइडला केसासारखी चीर जाते. ती बाहेरून दिसत नाही आणि ड्रमवर पहिल्या दगडाला गुंडी उडते.

बॉडीच्या कडकपणाबद्दलही एकच बाजू बघून चालत नाही. फार कडक केली तर शँक मोडतो. मऊ ठेवली तर कार्बाइड शाबूत असतानाच त्याच्या खालचे पोलाद चुऱ्याने धुपून जाते आणि चांगली गुंडी आधाराविना गळून पडते. ग्राहक परत पाठवतो तो नग बघा. कार्बाइड फुटले आहे, गळले आहे की सपाट झाले आहे यावरून दोष ब्रेझिंगचा, बॉडीचा की ड्रमवरच्या कोनाचा ते कळते. परत आलेल्या नगांची पेटी भंगारात टाकणारा कारखाना या धंद्यात सुधारत नाही, हे आमचे ठाम मत.

आता मूळ धोक्याकडे. नुसता कोळसा कापताना ठिणगीची भीती कमी असते. पण थराच्या वर बहुतेक ठिकाणी वालुकाश्म असतो, मध्ये कधी पायराइटचे (लोह-गंधकाच्या कठीण खनिजाचे) पट्टे असतात. शिअररचा ड्रम छताला लागला आणि दात टोकदार असला तर तो दगड फोडून पुढे जातो. कार्बाइड उडालेला, पोलाद उघडे पडलेला दात दगडावर घासत जातो आणि मागे वितळलेल्या दगडाची व पोलादाची चकाकती रेघ सोडतो. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असेल तर ते मिश्रण स्फोटक असते, आणि ही रेघ ते पेटवायला पुरेशी तप्त असते. नियमाप्रमाणे हवेत १.२५ टक्के ज्वलनशील वायू आढळला की वीज तोडायची. पण ड्रमच्या आत, नुकत्याच फोडलेल्या कोळशापाशी मिथेन किती आहे हे यंत्रावर दोन-तीन मीटर मागे बसवलेला सेन्सर त्या क्षणी सांगू शकत नाही. तिथली शेवटची भिंत म्हणजे चांगला दात आणि त्याच्या मागे मारलेले पाणी.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील अपर बिग ब्रँच खाणीत ५ एप्रिल २०१० रोजी २९ खाणकामगार गेले. सरकारी चौकशीत निघाले ते असे: शिअररच्या मागच्या ड्रमवर दोन दातांना कार्बाइड उरलेच नव्हते, आणि त्याच ड्रमवरची पाण्याची सात नोझल जागेवर नव्हती. दगडावरच्या घर्षणाने थोडा मिथेन पेटला, पाणी नसल्याने तो तिथेच विझला नाही आणि पुढे खाणीत साचलेल्या कोळशाच्या धुळीने स्फोट मैलोगणती पसरवला. गहाळ झालेल्या भागांची किंमत किती असेल, हे आपल्या भागातल्या कोणत्याही टर्नरला अंदाजाने सांगता येईल.

म्हणून पाण्याचे बोलू. शिअररच्या आधुनिक ड्रममध्ये पाणी दाताच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे मारता येते. पुढचे धूळ बसवते, मागचे ती तप्त रेघ विझवते. धुळीचे मोजमाप कितीही सुधारले तरी मागचे नोझल बंद असेल तर आगीचा धोका आहे तिथेच राहतो. नोझलचे भोक मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे. खाणीच्या पाण्यात वाळू, गंज, चुना सगळे असते. फिल्टरची जाळी भोकापेक्षा पुष्कळ बारीक नसेल तर एका पाळीत अर्धी नोझल बुजतात. पाळीच्या सुरुवातीला ड्रम न फिरवता पाणी सोडून प्रत्येक नोझलची धार डोळ्यांनी बघायची, बुजलेले बदलायचे, तारेने भोक उकरायचे नाही. उकरल्याने भोक मोठे होते, धार फाकते आणि बाकीच्या नोझलांचा दाब पडतो. पाणी ड्रमपर्यंत रेंजिंग आर्मच्या (ड्रम वर-खाली करणाऱ्या हाताच्या) गिअरबॉक्समधून जाणाऱ्या नळीने पोहोचते. तिथला फिरता सील गळला तर पाणी गिअर ऑइलमध्ये उतरते. तेल दुधी दिसू लागले की बेअरिंगचे दिवस भरले समजा. हा सील, त्याच्या बुश आणि नोझलचे ब्लॉक हे काम आपल्याकडची मध्यम दुकाने (वर्कशॉप) उत्तम करू शकतील, दात बनवण्यापेक्षा लवकर.

एक गैरसमज वेगळा काढावा लागेल, कारण तो शिकलेल्या माणसांतही आढळतो. ड्रम जोरात फिरवला की उत्पादन वाढते असे मानतात. गणित करून बघू. शिअरर मिनिटाला ६ मीटर वेगाने चालले आहे, ड्रम मिनिटाला ४० फेरे घेतो आणि एका रेषेत दोन दात आहेत. ६००० भागिले ८० म्हणजे प्रत्येक दात ७५ मिलिमीटर खोल घास घेतो. यंत्राचा वेग ३ मीटरवर आणला आणि ड्रमचे फेरे तेच ठेवले तर घास ३७.५ मिलिमीटरवर येतो. फेसवरचा कोळसा तेवढाच, पण तो आता दुप्पट वेळा किसला जातो. चुरा वाढतो, धूळ वाढते, टनामागे वीज जास्त जाते आणि दात दुप्पट अंतर घासतात. म्हणून फेरे कमी आणि यंत्राचा वेग शक्य तितका जास्त, ही दिशा बरोबर. १.६ मीटर व्यासाचा ड्रम ४० फेऱ्यांवर असेल तर दाताच्या टोकाचा वेग सेकंदाला ३.३५ मीटर असतो, ३० फेऱ्यांवर तोच अडीच मीटर. दगड लागण्याची शक्यता असेल तिथे हा फरकही मोलाचा, मात्र त्याने धोका कमी होतो, संपत नाही. खोल घासाला अर्थात मर्यादा आहे. दाताच्या लांबीपलीकडे घास गेला तर बॉक्सच कोळशावर घासतो. तेव्हा दात लांब का मागितला आहे, हे ड्रॉइंग बघतानाच विचारा. वर्कशॉपवाल्याचा समज असा की ग्राहकाला उगीच जास्त लोखंड हवे आहे.

झिजलेला ड्रम दुरुस्त करून देणे हेही मोठे काम आहे. बॉक्स कापून काढायचे, नवे बसवायचे, झिजलेल्या पात्यांवर कठीण थर चढवायचा. इथे वेल्डरपेक्षा जिग (भाग ठरल्या जागी धरणारा साचा) महत्त्वाचा. शेजारच्या दोन दातांच्या रेषांमधले अंतर, प्रत्येकाचा कोन आणि तिरकेपणा ठरलेला असतो. एक बॉक्स काही अंशांनी चुकला तर तो दात फिरत नाही, किंवा त्याच्या वाट्याचा कोळसा शेजाऱ्याला कापावा लागतो आणि शेजारी लवकर मरतो. डोळ्याच्या अंदाजाने बॉक्स लावलेला ड्रम दिसायला झकास, पण खाणीत थरथरतो. बॉक्सचे पोलाद मिश्र असल्याने वेल्डिंगआधी दीड-दोनशे अंशांपर्यंत तापवावे, लो-हायड्रोजन रॉड ओव्हनमधून सुकवून काढावेत आणि नंतर सावकाश थंड होऊ द्यावे. पावसाळ्यात खानापूरकडची हवा कशी असते ते सांगायला नको. उघड्या पुड्यातले रॉड वापरले तर वेल्डच्या शेजारी चीर गेलीच म्हणून समजा.

आता आपला अभिमानाचा विषय, हायड्रॉलिक. लाँगवॉलच्या शिल्डचे पाय म्हणजे मोठे सिलिंडर, दाब ३०० बारच्या आसपास आणि छत बसू लागले की त्याहूनही वर. तेवढा दाब आपल्याकडे रोज हाताळला जातो. फरक आतल्या द्रवात आहे. प्रेसमध्ये खनिज तेल असते, शिल्डमध्ये ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी आणि उरलेले विरघळणारे तेल. कारण उघड आहे, शेकडो मीटर फेसवर हजारो लिटर तेल फिरवत ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण. पण एकदा पाणी आले की तेलासाठी केलेले डिझाइन जवळजवळ सगळे बदलते. पाणी पातळ, त्यामुळे स्पूल (आत सरकणारी दांडी असलेल्या) व्हॉल्व्हच्या मायक्रॉनच्या फटीतून ते पळते. म्हणून तिथे स्पूलऐवजी बसणारे व्हॉल्व्ह, म्हणजे बॉल किंवा पॉपेट सीटवर दाबून बंद होणारे, लागतात. पाणी वंगण देत नाही, म्हणून पंपाचे प्लंजर, सील, मार्गदर्शक पट्ट्या वेगळ्या. नेहमीचे पॉलियुरेथेन सील गरम पाण्यात हळूहळू कुजतात, पाण्याला टिकणाऱ्या जातीचेच मागवावे लागतात.

आणि गंज. आपण रॉडवर हार्ड क्रोम देतो आणि निश्चिंत होतो. क्रोमच्या थराला सूक्ष्म भेगा असतातच. तेलात त्या त्रास देत नाहीत. खाणीतल्या दमट, कधी आम्लयुक्त हवेत आणि पाण्यात त्या भेगांतून गंज खाली शिरतो, क्रोम फोडासारखा उचलतो आणि तो फोड सील कापतो. क्रोमखाली आणखी एक धातूचा थर द्यावा लागतो, किंवा ब्राँझ चढवावे लागते. सिलिंडरच्या आतल्या भिंतीचाही असाच विचार करावा लागतो. पाणीही कोणतेही चालत नाही. कठीण पाण्यात इमल्शन (पाणी-तेलाचे मिश्रण) फुटते, साय वर येते, फिल्टर बुजतात. मिश्रणाचे प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने रोज बघावे लागते. बघितले नाही की प्रमाण एक-दोन टक्क्यांवर उतरते आणि महिन्या-दोन महिन्यांत व्हॉल्व्हच्या सीट खराब होतात. तेव्हा पुरवठादाराला दोष मिळतो. म्हणून सिलिंडर विकताना खाणीच्या पाण्याचा अहवाल मागून ठेवावा, हा सल्ला.

फेसवरच्या साखळी कन्व्हेयरचे थोडक्यात. दोन साखळ्या समांतर चालतात आणि त्यांना आडव्या पट्ट्या जोडलेल्या असतात. साखळ्या जोडीने, लांबी जुळवूनच पुरवायच्या असतात. एक जुनी आणि एक नवी जोडली तर पट्टी तिरकी होते आणि कुठेतरी अडकून तुटते. ताण फार सैल असेल तर ड्राइव्हच्या खाली साखळी गोळा होते, फार असेल तर कड्या ओढल्या जातात. झीज मोजताना एक कडी मोजू नका, दहा-बारा कड्यांची एकत्र लांबी मोजा. आपण बनवू शकतो ते पट्ट्या, स्प्रॉकेट आणि तळाचे पॅन. उचलण्याच्या साखळीचा अनुभव घेऊन कडी बनवायला जाऊ नये, ते वेगळे शास्त्र आहे.

ओतकामवाल्यांसाठी एक इशारा, जो लेखात असायला हवा होता. वजन कमी करायला ॲल्युमिनियमचे कव्हर देणे बाहेर शहाणपणाचे असते. गॅसच्या खाणीत गंजलेल्या लोखंडावर ॲल्युमिनियम आपटले की जी ठिणगी पडते ती साधी ठिणगी नसते, ती लोहाच्या गंजाशी होणारी रासायनिक क्रिया असते, आणि ती मिथेन पेटवते. म्हणून खाणीच्या विद्युत आवरणांसाठी आंतरराष्ट्रीय मानकात मर्यादा आहे: ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, टायटॅनियम व झिर्कोनियम मिळून वजनाच्या १५ टक्क्यांहून जास्त नको, आणि शेवटचे तीन मिळून साडेसात टक्क्यांहून जास्त नको. ओतीव आवरणच ॲल्युमिनियमचे असले तर ते इथेच बाद होते.

फ्लेमप्रूफ आवरणे हाही असाच प्रांत. आत स्फोट झाला तरी ज्वाला बाहेर येताना दोन सपाट पृष्ठभागांमधल्या अरुंद फटीतून थंड होऊन यावी, हे तत्त्व. मिथेनच्या खाणींत वापरायच्या उपकरणांच्या गटासाठी जोडाची रुंदी २५ मिलिमीटर असेल तर फट अर्ध्या मिलिमीटरच्या आत, साडेबारा असेल तर ०.४ च्या आत. या पृष्ठभागांवर रंग मारायचा नाही, गॅस्केट घालायचे नाही, ओरखडा पडला तर घासून भरायचे नाही. एक बोल्ट कमी असला तरी ती पेटी फ्लेमप्रूफ राहत नाही. रंगाऱ्याने छान दिसावे म्हणून जोडावरही ब्रश फिरवला की सगळी मेहनत वाया. यासाठी रंगकामाआधी जोडावर टेप लावण्याची सवय दुकानात पाडावी लागते.

मंजुरीचा प्रश्न उरतोच. भूमिगत खाणीत वापरायच्या बऱ्याच वस्तूंना कोल माइन्स रेग्युलेशन्स २०१७ अन्वये धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची मंजुरी लागते, चाचण्या तिथल्याच केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्थेसारख्या प्रयोगशाळांत होतात. रबरी होज, बेल्ट हे आग न पकडणारे आणि स्थिर वीज न साठवणारे असावे लागतात. त्याचा शिक्का आणि कागद नसेल तर माल गेटवरून परत येतो. या कागदपत्रांसाठी लहान दुकानाला एकट्याने धनबादच्या खेपा घालणे परवडत नाही. इथल्या उद्योजक संघटनांनी दहा-बारा दुकानांसाठी मिळून एक माणूस नेमला तर जमेल. सीमाभागात अर्ज कोणत्या भाषेत करायचा यावर आपण बरीच वर्षे भांडत आहोत आणि भांडण रास्तही आहे, पण धनबादचे कागद इंग्रजी-हिंदीत असतात आणि ते वाचणारा माणूस दुकानात असायला हवा.

सुरुवात कुठून करावी, असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर असे. दातापासून करू नये, कारण तिथे कार्बाइडचा पुरवठा, ब्रेझिंग आणि चाचणी हे सगळे एकदम लागते. सुरुवात पिक बॉक्स, स्लीव्ह, नोझल ब्लॉक, पाण्याच्या फिरत्या सीलच्या बुश, कन्व्हेयरच्या पट्ट्या आणि छताला लावायच्या बोल्टच्या प्लेट यांपासून करावी. कोणतीही चौकशी आली की कोटेशनआधी पाच गोष्टी लेखी मागाव्यात: खाणीची गॅसची श्रेणी (पहिली, दुसरी की तिसरी), थराच्या वर-खाली कोणता दगड आहे, यंत्राचा मेक व ड्रमचे ड्रॉइंग, आधीच्या मालाचे परत आलेले नमुने, आणि पाण्याचा अहवाल. तिसऱ्या श्रेणीची, म्हणजे टनामागे १० घनमीटरहून जास्त गॅस सोडणारी खाण असेल आणि छत वालुकाश्माचे असेल, तर पहिला लॉट छोटा द्यावा आणि वापरलेला प्रत्येक नग परत मागवावा. खरेदी अधिकारी हे सगळे द्यायला कुरकुर करील. जो देणार नाही त्याची ऑर्डर घेऊ नये.

आपले,
उद्यमबाग व मच्छे परिसरातील काही यंत्र व खाण अभियंते, बेळगाव